संदर्भ क्रमांक सत्तावीस

बर्गन, दोन एप्रिल

प्रिय हालवार,

अक्षर मुद्दाम मोठं ठेवलंय. तुला आता बारीक दिसत नाही असं ऐकलं, आणि हातानं लिहावं तर माझं अक्षर तुला तेव्हाही लागायचं नाही. "गुनवोर, तू आपली टाईपच कर, तुझ्या हातचं वाचायला मला देवाची मदत लागते," असं म्हणायचास. म्हणून टाईपच करतेय. पंचेचाळीस वर्षांत मी तुला एकही पत्र लिहिलं नाही. तुझी दोन कार्डं आली होती, दोन्ही कोपनहेगनच्या बंदराची, आणि दोन्हींवरचा मजकूर जवळजवळ एकच होता. तक्रार म्हणून सांगत नाही. सुरुवात कुठून करावी हे ठरवण्यात सकाळ गेली, कॉफी दोनदा गार झाली, तेव्हा म्हटलं, हाताला लागेल तिथून धरावं.

माझी हकिगत थोडक्यात अशी. तू कोपनहेगनला गेल्यावर तीन वर्षांनी मी आर्विदशी लग्न केलं. तो फेरीबोटीवर कप्तान होता. बोलायला कमी, पण घरी आला की घर भरल्यासारखं वाटायचं. सहा वर्षांपूर्वी तो गेला. मूलबाळ झालं नाही. मी अजून त्याच घरात आहे, टेकडीच्या चढावर, खालचं बंदर कधी दिसतं, कधी धुक्यात नुसतंच ऐकू येतं. आपल्या लोकसंस्कृतीच्या संस्थेतून निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण आपलं त्रैमासिक अजून निघतं आणि त्यातल्या लेखांच्या संदर्भसूच्या अजून माझ्याकडेच येतात. संपादक आता टोरग्रिम म्हणून आहेत, कोरडा ठणठणीत माणूस. मध्ये एकदा म्हणाले, "तुमच्यानंतर हे काम कोण करणार, गुनवोर?" मी म्हटलं, "माझ्यानंतर निदान तुम्हाला कळेल तरी, की हे काम होतं."

लोकांना वाटतं, संदर्भसूची नीट करणं म्हणजे स्वल्पविराम मोजणं. ते तर आहेच. आडनाव, स्वल्पविराम, नावाचं आद्याक्षर, टिंब, कंसात साल, पुस्तकाचं नाव तिरक्या ठशात, मग गाव, मग छापणारा. पण हे करता करता माणूस एका वेगळ्याच गावात जाऊन पोचतो रे. तिथे मेलेले आणि जिवंत एकाच रांगेत उभे असतात, वर्णानुक्रमानं. ज्यांनी जन्मभर एकमेकांचं तोंड पाहिलं नाही असे दोन प्राध्यापक शेजारी-शेजारी, मध्ये फक्त एक ओळ. नवरा-बायको मात्र पानभर लांब, कारण तिनं माहेरचं आडनाव ठेवलेलं. दुपारी तीनच्या सुमाराला बंदरावरून धुकं वर चढायला लागलं, की मी दिवा न लावता तशीच बसते आणि त्या रांगेतून हळूहळू चालत जाते. कुणाचं साल चुकलंय, कुणाच्या नावातलं एक अक्षर गळलंय, ते नीट करत जाते. पोरांच्या कोटाची बटणं लावावीत तसं. सगळे शांतपणे लावून घेतात.

त्या गावात माझं एक माणूस राहतं. त्याच्याबद्दल तुला सांगायचंय. तू त्याला ओळखतोस, पण फक्त नावानं.

अठ्ठ्याहत्तर सालातला जूनमधला तो शुक्रवार तुला आठवतो का? तुझा पहिला मोठा लेख, अठ्ठ्याऐंशी पानं, एकसष्ट संदर्भ. मेणकागदावर टाईप केलेला, एक अक्षर चुकलं तर लाल लाखेसारखं औषध लावून फुंकर मारत बसायचं. छापखाना चार वाजता उन्हाळी सुट्टीसाठी बंद होणार होता आणि कोपनहेगनची जागा तुला त्या लेखावर मिळायची होती. दीड वाजता माझ्या आईचा फोन आला. तिच्या घरी फोन नव्हता, खाली गावातल्या सहकारी दुकानातून तिनं केला होता, आणि मागे कुणीतरी मासे तोलत असल्याचा आवाज येत होता. मला म्हणाली, "त्या तुझ्या माणसानं जे लिहिलंय त्यात माझं नाव आहे, असं पाद्रीबाई म्हणाल्या. माझं पोर कुणाच्या पुस्तकात नको, गुनवोर. मी जिवंत असेपर्यंत तरी नको."

संदर्भ क्रमांक सत्तावीस तिचा होता. तोंडी माहिती, ब्रीता हेल्लेस्टाड, ऑगस्ट १९७७. आणि त्याच्या आधारावर उभं होतं ते एक वाक्य, ज्याच्यासाठी तुझा लेख लोकांच्या लक्षात राहिला: डोंगरावरच्या एका सेटरवर, म्हणजे उन्हाळ्यात गुरं चारायला नेतात त्या गोठ्या-झोपडीवर, संध्याकाळी गुरांना हाक मारताना गाईंच्या नावांबरोबर एका मेलेल्या मुलाचंही नाव घेतलं जाई, आणि हे सप्टेंबरात गुरं खाली उतरेपर्यंत रोज चाले. तू ते वाक्य पहिल्यांदा मला वाचून दाखवलंस तेव्हा मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले होते. तुला वाटलं, मला आवडलं नाही.

फोन ठेवल्यावर मी तुला म्हटलं, आईचं नाव काढायला हवं. तू डोकं धरून बसलास. नाव काढलं तर सत्तावीस नंबर रिकामा, आणि तो गाळायचा तर पुढचे चौतीस नंबर मजकुरात आणि सूचीत, सगळीकडे बदलायचे. म्हणजे अठ्ठावन्न पानं पुन्हा टाईप. वाक्यच काढायचं तर त्याच्यावर उभं असलेलं अख्खं पान कोसळणार आणि लेखाचा जीव जाणार. तू उठलास, दोन येरझारा घातल्यास, आणि दाराशी जाऊन माझ्याकडे न बघता म्हणालास, "कर काहीतरी, गुनवोर. मी खाली जाऊन गाडी बघतो."

मी केलं काहीतरी. ती ओळ खोडली आणि तेवढ्याच लांबीची दुसरी बसवली. सेटरलीद, ऑ. (१९३६). डोंगरातल्या हाका. लेखकाने स्वतः छापलेले. असं पुस्तक नाही, असा माणूस नाही. साल जुनं घातलं, म्हणजे कुणी शोधायला निघालंच तर लेखक वारला असेल असं समजून गप्प बसेल. सहा मिनिटं लागली. चारला दहा कमी असताना आपण छापखान्यात होतो. त्यानंतर तू मला कधीच विचारलं नाहीस की सत्तावीसमध्ये मी काय घातलं. छापून आल्यावर तू ती ओळ पाहिली असणार. पाहिलीस आणि पुढे गेलास.

'ऑ.' म्हणजे ऑडून. माझा भाऊ. आई त्याला 'टासेन' म्हणायची, सगळी लहान पोरं आपल्याकडे टासेनच असतात, आणि तू आईच्या तोंडून तेवढंच ऐकलं होतंस. त्याचं खरं नाव तू विचारलं नाहीस, आणि मी सांगितलं नाही. सात वर्षांचा होता. अठ्ठावन्न सालच्या जुलैत, सेटरच्या वरच्या अंगाला तळं आहे ना, तिथे. तिसऱ्या दिवशी सापडला. चर्चमागे पुरला. सगळं गाव आलं होतं. आणि त्याच संध्याकाळी आई पुन्हा वर चढून गेली, कारण गुरांना दूध काढल्याशिवाय चालत नाही, आणि दारात उभी राहून हाक घालू लागली: दाग्रोस, लिटागो, स्त्येर्ना... आणि मग तो. गाई धुक्यातून एकेक करून खाली यायच्या, घंटा वाजायच्या, आई त्यांची तोंडं मोजायची, आणि शेवटची आत गेल्यावरही ती दार लावायची नाही. मी नऊ वर्षांची. मला त्यात काही विचित्र वाटायचं नाही. मीही दाराकडे बघत बसायचे.

तर असा तो त्या दिवशी सूचीत गेला, आणि मला वाटलं, संपलं. पण दोन वर्षांनी मी दुसऱ्या कुणाची तरी सूची नीट करत होते आणि अचानक तो समोर आला. सेटरलीद, ऑ. (१९३६). कुणीतरी तुझ्या लेखातून उचलला होता, पुस्तक न बघताच. पहिल्यांदा भीती वाटली, हे खरं. पण भीतीच्या मागोमाग दुसरंच काहीतरी आलं, हालवार, आणि ते काय होतं ते सांगायला मला लाज वाटते. कुणीतरी दार वाजवावं आणि उघडून बघावं तर तो, असं झालं. मी ती नोंद बघत राहिले. स्वल्पविराम चुकला होता, तो नीट केला. साल तपासलं. मग जाऊ दिला त्याला पुढे.

त्यानंतर तो येतच राहिला. कधी वर्षातून एकदा, कधी चार-चार वर्षं पत्ता नाही. एका स्वीडिश लेखात त्याला मधलं आद्याक्षर मिळालं, ऑ. एम., कुठून ते देव जाणे. एका जर्मन पुस्तकात तो खेड्यातला पाद्री झाला. एकीनं लिहिलं, 'सेटरलीदच्या बारीक निरीक्षणानुसार'. मी हे सगळं एका निळ्या वहीत उतरवून ठेवायचे. एकूण त्रेचाळीस वेळा. आर्विद बोटीवर असायचा आणि मी दुपारी खिडकीशी बसून सेटरलीदचा विचार करायचे: आता केस पिकले असतील, आता चष्मा लागला असेल, खोऱ्यातून पायी हिंडताना काठी घेत असेल, बायका त्याला वॉफल देत असतील, आणि तो बोटाला चिकटलेला जॅम पुसून मग वही काढत असेल. फार सभ्य माणूस झाला होता तो. कुणाचं बोलणं मध्येच तोडायचा नाही. मी जागी आहे हे मला पूर्ण ठाऊक असायचं, आणि तरी.

त्र्याण्णव साली आई गेली. 'मी जिवंत असेपर्यंत' असं ती म्हणाली होती, म्हणजे आता खरं सांगायला हरकत नव्हती. एक चार ओळींचं शुद्धिपत्र, बस. मी ते दर वर्षी मनात लिहायचे आणि दर वर्षी राहून जायचं. खरं सांगू? राहून नाही गेलं. मीच ठेवलं. त्या चार ओळी छापल्या असत्या तर तो दुसऱ्यांदा गेला असता, आणि या खेपेला माझ्या हातानं.

आता मारेनबद्दल. मारेन त्वाइतो, तिशीतली, आपल्या विषयात सध्या हिच्याइतकं मन लावून काम करणारं कुणी नाही. दीड महिन्यापूर्वी तिचा लेख माझ्याकडे आला. विषय, सेटरवरच्या बायकांचा शोक. टोरग्रिमनी नवा नियम केलाय: सूचीतला प्रत्येक संदर्भ कुठल्या ग्रंथालयात, कुठल्या कपाटात आहे ते लिहायचं, नाहीतर संदर्भ बाद. मारेनच्या शहाण्णव संदर्भांपैकी पंच्याण्णव मी लावून दिले. एक राहिला. तो कुठला ते तुला कळलंच असेल. आणि नुसता संदर्भ नाही. तिनं त्याच्यावर अख्खं एक प्रकरण उभं केलंय. तिचं म्हणणं, एवढं बारीक ऐकणारा माणूस एका पुस्तकावर थांबला नसणार, त्याच्या वह्या कुठेतरी असणार. त्या वह्या शोधण्यासाठी तिला दोन वर्षांचं अनुदान मिळालं होतं, आणि हा लेख छापून आला तर पुढची कायमची नोकरी.

तिचा फोन आला. म्हणाली, "गुनवोर, तुम्हाला तरी सापडलं का हो ते पुस्तक? मी ओस्लो झालं, बर्गन झालं, खोऱ्यातल्या बंद पडलेल्या शाळेचं कपाटसुद्धा पालथं घातलं. उंदरांची घरटी निघाली."

मी म्हटलं, "समजा, ते नसेलच कुठे."

"असं म्हणू नका. त्या बायकांना कुणी काही विचारलं नाही कधी. त्यानं एकट्यानं ऐकून घेतलं. मला त्याचा इतका लळा लागलाय की माझा नवरा जेवताना म्हणतो, आज काय म्हणतोय तुझा म्हातारा?" आणि हसली.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिचं ई-पत्र आलं. ती पुन्हा खोऱ्यात गेली होती आणि या वेळी चर्चच्या आवारात त्याचं थडगं शोधत फिरली होती, आडनाव कदाचित वेगळं असेल, पण 'ऑ.' म्हणजे बहुधा ऑडून, निदान त्या नावाचे दगड बघू, म्हणून. चार फोटो जोडले होते. खाली लिहिलं होतं: 'चार ऑडून सापडले. पहिले तिघं तपासते. चौथा आपला नव्हे, तो तर सात वर्षांचा पोर, त्याला सोडून द्या.'

फोटोत दगडावर शेवाळ होतं आणि मारेननं ते हातानं थोडं बाजूला केलं होतं, तारखा वाचता याव्यात म्हणून. तिची बोटं फोटोत आली होती. मी किती वेळ तिथे बसले मला माहीत नाही. बाहेर बोट लागली, माणसं उतरली, बोट गेली. एवढी वर्षं मी त्याला चष्मा दिला, काठी दिली, पिकलेले केस दिले. आणि तो तिथे सात वर्षांचाच होता, आणि तो जिथे खरोखर होता तिथे मी अकरा वर्षांत गेले नव्हते. शेवाळ काढायला परक्या मुलीला जावं लागलं.

मी तिला फोन लावला आणि सगळं सांगितलं. आईचा फोन, छापखाना, सहा मिनिटं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दोन वर्षं, गुनवोर. दोन वर्षं मी एका नसलेल्या माणसाच्या मागे डोंगर चढत होते. आणि तुम्हाला माहीत होतं." मी हो म्हटलं. तिनं फोन ठेवला. तिचं बरोबर होतं. माझ्या सभ्य म्हाताऱ्यानं एका जिवंत मुलीची दोन वर्षं खाल्ली होती, आणि त्याला खाऊ घालणारी मी.

टोरग्रिमना त्याच दिवशी लिहून कळवलं. त्यांनी एका ओळीचं उत्तर पाठवलं: शुद्धिपत्र तुम्हीच लिहा, तुमच्याइतकं नेमकं कुणाला जमणार. ते टोमणा मारत होते की मान देत होते, मला अजून कळलेलं नाही. 'संदर्भ क्रमांक २७ मध्ये उल्लेखिलेला ग्रंथ व लेखक अस्तित्वात नाहीत. ही नोंद मी तयार केली होती.' एवढ्या दोन वाक्यांना मला दोन दिवस लागले. त्यात फक्त माझं नाव आहे, हालवार. तुझं मी घातलेलं नाही.

पाचव्या दिवशी मारेन दारात उभी. कोट ओला, डोळे सुजलेले. म्हणाली, "माझा राग गेलेला नाही, आधीच सांगते." मी म्हटलं, "राग घेऊनच आत ये, भिजतेयस." वॉफलचं पीठ कालवलं, तेवढंच हाताला काम. दोन खाल्ल्यावर तिनं ताटली बाजूला सारली आणि विचारलं, "पुस्तक खोटं. लेखक खोटा. ते वाक्य?"

"ते खरं आहे."

"मग ते कुणाचं?"

पंचेचाळीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी तिला आईचं नाव सांगितलं. दार सांगितलं, गाईंची नावं सांगितली, तो फोटोतला चौथा दगड कुणाचा ते सांगितलं. तिनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. "मी लिहिलं, त्याला सोडून द्या," म्हणाली, आणि रडायला लागली. मग मीही. दोघी खुळ्यासारख्या रडत बसलो आणि तव्यावरचं वॉफल करपलं. जाताना दारात थांबून म्हणाली, "प्रकरण पाडायचं नाही, गुनवोर. पुन्हा लिहायचं, ब्रीताच्या नावानं. पण टोरग्रिम म्हणतात, मुलीनं नऊ वर्षांची असताना ऐकलेलं चालणार नाही, कुणीतरी त्या वेळी नोंदवलेलं हवं. असं काही आहे का?"

आता हे पत्र का लिहिलं ते. मारेननं दोन महिन्यांपूर्वी तुलाही सेटरलीदबद्दल विचारलं होतं. उत्तर तुझ्या मुलीचं आलं, बिर्गिटचं. तुझे डोळे अधू झालेत, ईस्टरनंतर तू वृद्धनिवासात जातोयस, तळघरात बेचाळीस खोकी आहेत, कागद अभिलेखागार नेणार आणि नाव नसलेल्या टेपा वीस तारखेला टाकून देणार, असं तिनं लिहिलं होतं. हालवार, त्या शुक्रवारच्या फोनवर आई आणखी एक गोष्ट बोलली होती, ती मी वर लिहिली नाही. तिनं तुला फोनवर बोलावून घेतलं आणि सत्त्याहत्तरच्या ऑगस्टात सेटरवर तू भरलेली टेप पुसायला सांगितली. तू माझ्यासमोर म्हणालास, "पुसतो, ब्रीता. आजच्या आज." त्या दिवशी सेटरवर तिनं मला मुद्दाम झऱ्यावर पाणी आणायला पाठवलं होतं, मी दोन बादल्या घेऊन परतले तेव्हा तुझं यंत्र फिरत होतं आणि तुम्ही दोघंही माझ्याकडे बघत नव्हता. तिनं तुला काय सांगितलं हे मी कधी विचारलं नाही, कारण मला भीती होती. त्या जुलैत धुकं उतरलं तेव्हा टासेनला दगडावर बसवून, हलू नकोस, मी वासरू घेऊन आले, असं सांगून गेलेली मी होते. तो माझ्या मागे निघाला. हे मी आर्विदलाही सांगितलं नाही. आई त्या दिवसाबद्दल माझ्याशी मरेपर्यंत एक शब्द बोलली नाही, चांगला नाही, वाईट नाही. तुझ्याशी ती बोलली. मारेनला त्या टेपेवरची हाक हवी आहे, ती तूच तेव्हा नोंदवलीस याबद्दल टोरग्रिमना तुझी सही हवी आहे, आणि ते दोन्ही तू देशील असं मला वाटतं. मला ऐकायचंय ते हाकेच्या पुढचं, तिनं माझं नाव घेतलं असेल तर ते. मारेन चौदा तारखेला कोपनहेगनला येतेय, तिला तळघरात जाऊ दे. तू पार्सलावरचा दोरासुद्धा गुंडाळून ठेवणारा माणूस. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या लिखाणातलं खोटं शोधून काढण्याचं काम केलं, आणि आज देवापाशी एवढंच मागते, की त्या दिवशी तू माझ्या आईशी खोटं बोलला असावास.

तुझीच, इतक्या वर्षांनंतरही,
गुनवोर